ओसाड गावठाणावरची शाळा

दुरून डोंगर साजरे, असे आपण म्हणतो. जवळ गेले की दगडधोंडे आणि काटेकुटे दिसतात, म्हणून. पण काही माणसे अशीही असतात, की ती डोंगराजवळ जातात, खाली बसतात आणि हातभर जमिनीच्या एकाच तुकड्याकडे पन्नास पन्नास वर्षे पाहत राहतात. अशा माणसांच्या एका गावाची ओळख आज आपण करून घेऊ. हे गाव फार लांबचे आहे. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत ते वसले आहे. नाव गॉथिक.

तुम्ही म्हणाल, सातासमुद्रापलीकडच्या त्या गावाशी आपला संबंध काय? थोडा धीर धरा. पाणी कोठून येते, किती येते, फूल कधी लागते, फुलाच्या वेळी माशी हजर असते की नाही, हे प्रश्न त्या गावात सोडवतात. आणि हे प्रश्न तर तुमच्या-आमच्या बांधावरचेच आहेत.

वाट

डेन्व्हर हे कोलोराडोची राजधानी असलेले शहर. तेथून नैऋत्येला दोनशेएक मैल गेले की गनिसन नावाचे तालुक्याच्या गावासारखे गाव लागते. भोवती गवताची कुरणे आणि मांसासाठी पाळलेली गुरे. त्या उंचीवर थंडी एवढी, की वर्षातून गवताची एकच कापणी मिळते. डोंगरावरचे बर्फ वितळून आलेले पाणी पाटांनी कुरणांत फिरवतात, त्यावर गवत वाढते, ते कापून गंजी लावतात आणि हिवाळाभर गुरांना घालतात. म्हणजे आपल्याकडे वैरण भरून ठेवतात तसेच.

गनिसनहून उत्तरेला क्रेस्टेड ब्यूट गाव आहे. एके काळी तेथे कोळशाच्या खाणी होत्या, आता बर्फावर घसरण्याचा खेळ खेळायला लोक येतात. तेथून पुढे खडीचा रस्ता डोंगरात शिरतो. उजव्या-डाव्या हाताला उतार, खाली ईस्ट नदी आणि मैला-दोन मैलांनी नजरेसमोर येतो गॉथिक पर्वत, १२,६३१ फूट उंच. त्याच्या पायथ्याशी आपले गाव. तेही काही सखल नाही. समुद्रसपाटीपासून साधारण ९,५०० फुटांवर आहे. आपले कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोनपट उंचीवर माणसे राहतात आणि काम करतात. नवख्या माणसाला पहिले दोन दिवस चार पावले चालले तरी धाप लागते.

जुलैच्या मध्याला गेलात तर डोळ्यांचे पारणे फिटेल. कास पठार ज्यांनी भाद्रपदात पाहिले आहे त्यांना कल्पना येईल. निळी, पिवळी, तांबडी, जांभळी रानफुले गुडघ्याएवढी उभी असतात. मात्र नोव्हेंबरात गेलात तर रस्ताच सापडणार नाही. हिवाळ्यात वाहन जात नाही. पायाला लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जावे लागते. वर्षाकाठी सरासरी तीस फुटांहून अधिक बर्फ पडते. ते दबून दबून पुरुषभर उंचीचा थर होतो आणि मे महिना सरेपर्यंत हटत नाही.

पांढरी ओस पडली

गावाचा इतिहास चांदीचा आहे. १८७९ साली येथे चांदी सापडली आणि हां हां म्हणता डोंगरात गाव उभे राहिले. हॉटेले आली, दारूचे गुत्ते आले, दुकाने आली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट हेही १८८० साली या गावाला भेट देऊन गेले. पण चांदी होती तेवढी संपली आणि माणसांचे लोंढे आले तसे परत गेले. पुढे १८९३ साली सरकारने चांदीची खरेदी थांबवली, भाव कोसळले आणि उरलीसुरली आशाही गेली. पांढरी ओस पडली. लाकडी घरांची छपरे बर्फाच्या भाराने खाली बसली. गार्वुड जड नावाचा एकच म्हातारा मागे राहिला होता. तो १९३० साली वारला.

जमिनीच्या पोटातून एकदाच काढून घ्यायचे आणि निघून जायचे, हा खाणीचा धर्म. जमिनीवर दरवर्षी पुन्हा उगवते त्याच्याकडे पाहायचे, हा शेतकऱ्याचा धर्म. गॉथिक गावाने पहिला धर्म पाहिला, त्यात ते बुडाले. मग एका मास्तराने त्याला दुसऱ्या धर्माला लावले.

मास्तर आले

गनिसनच्या महाविद्यालयात डॉ. जॉन जॉन्सन नावाचे जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना वर्गात बसवून फुलांची चित्रे दाखवण्यापेक्षा फुलांतच नेऊन बसवावे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९२८ साली त्यांनी या ओसाड गावात 'रॉकी माउंटन बायोलॉजिकल लॅबोरेटरी' म्हणजे रॉकी पर्वत जीवशास्त्र प्रयोगशाळा सुरू केली. नाव मोठे, पण प्रयोगशाळा म्हणजे काय? तर खाणकामगारांच्या पडक्या खोपट्या. छप्पर शाकारले, फटी बुजवल्या, टेबल मांडले, त्यावर सूक्ष्मदर्शक ठेवला. झाली प्रयोगशाळा. चांदीच्या दिवसांत बांधलेले गावचे सभागृह अजून उभे आहे. आज पाहुणा आला की आधी तेथेच जातो.

लक्षात घ्या, ही संस्था सरकारच्या मालकीची नाही आणि कोणत्या विद्यापीठाचीही नाही. ती स्वतंत्र आहे. वर्गणी, देणग्या, अनुदान आणि राहणाऱ्यांकडून घेतलेले भाडे यांवर चालते. आज उन्हाळ्यात दीडशेच्या वर शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी देशोदेशींहून येतात. कोणी बायको-मुलांसह येतो. मुले नदीकाठी हुंदडतात, त्यांच्यासाठी निसर्गशिबिर भरते. जेवायला सगळे एका पंगतीला. नामांकित प्राध्यापक आणि पहिल्या वर्षाची पोर एका बाकावर बसून जेवतात. पहिला बर्फ पडायच्या आत बहुतेक सारे गाव रिकामे होते. साखरशाळा सुगीपुरती भरावी, तसा हा प्रकार.

दोन मीटरचा चौकोन

आता येथे काम काय चालते ते पाहू. डेव्हिड इनूये नावाचे गृहस्थ १९७१ साली विद्यार्थी म्हणून प्रथम येथे आले. १९७३-७४ पासून त्यांनी एक साधा उद्योग सुरू केला. कुरणात दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद असे चौकोन आखले आणि कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. मग उन्हाळाभर दर एक दिवसाआड जाऊन प्रत्येक चौकोनात कोणत्या जातीची किती फुले उमलली ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. एवढेच. यात यंत्र नाही की तंत्र नाही. लोकांना हे वेड वाटले असेल.

पण ३९ वर्षांच्या वह्या एकत्र केल्या तेव्हा ६० जातींची वीस लाखांहून अधिक फुले मोजून झाली होती. २०१४ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फुलांचा हंगाम आता पूर्वीपेक्षा सुमारे महिनाभर लांबला आहे. बर्फ लवकर वितळते, म्हणून वसंतातली फुले लवकर येतात आणि शेवटची फुले उशिरापर्यंत राहतात. तुम्ही म्हणाल, छान झाले की! हंगाम लांबला तर मधमाश्यांना मेजवानीच. येथेच गंमत आहे. फुलांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही, ती पांगली. शंभर भाकरी चार दिवसांऐवजी सहा दिवस पुरवायच्या म्हटल्यावर रोजच्या वाट्याला कमीच येणार.

याहून चटका लावणारी गोष्ट रानसूर्यफुलाची. आपल्या सूर्यफुलाच्या कुळातलेच हे एक डोंगरी झाड. बर्फ लवकर वितळले की त्याच्या कळ्या लवकर धरतात. पण जूनमधली कडाक्याची थंडीची रात्र काही लवकर सरकत नाही. ती तिच्या वेळेलाच येते. कोवळ्या कळ्या गोठून काळ्या पडतात. १९९२ ते १९९८ या काळात सरासरी शेकडा ३६ कळ्या थंडीने मेल्या. १९९९ ते २००६ या काळात हे प्रमाण शेकडा ७४ वर गेले. हवा तापली आणि त्यामुळेच फुले थंडीने मेली, असा हा उलटा न्याय. निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांना किंवा मोहोर गळालेला आंबा पाहिलेल्या कोकणातल्या मंडळींना यातली मेख वेगळी सांगायला नको. झाडाची वेळ आणि हवेची वेळ यांची फारकत झाली की पीक जाते.

असाच दुसरा अभ्यास मार्मोट या प्राण्याचा. हा खारीच्या कुळातला, पण मांजराहून मोठा, गुबगुबीत, बिळात राहणारा. लडाखकडे त्याचे भाऊबंद आहेत. वर्षातले सात-आठ महिने तो बिळात झोपून काढतो. कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक केनेथ आर्मिटेज यांनी १९६२ साली त्यांच्या कानाला बिल्ले लावून अभ्यास सुरू केला. तो त्यांच्या पुढच्या पिढीच्या शास्त्रज्ञांनी चालू ठेवला आहे. कोणती मार्मोटीण कोणाची लेक, कोणाची नात, हे येथे कुळकर्ण्याच्या दप्तरासारखे लिहिलेले आहे. २००० साली असे प्रसिद्ध झाले, की २३ वर्षांत मार्मोट पूर्वीपेक्षा ३८ दिवस लवकर जागे होऊ लागले आहेत. जागे होऊन पाहतात तो बाहेर अजून बर्फच, खायला काही नाही.

आणि तिसरा प्रयोग तर ऐकण्यासारखा आहे. जॉन हार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९९१ च्या हिवाळ्यात कुरणाच्या काही वाफ्यांवर विजेचे तापक टांगले आणि ते बारा महिने चालू ठेवले. शेजारचे वाफे तसेच मोकळे ठेवले. उद्या जग तापले तर काय होईल ते आजच छोट्या वाफ्यात पाहायचे, ही कल्पना. पाव शतकाहून अधिक काळ हे चालले. तापवलेल्या वाफ्यांत फुलझाडे मागे हटली आणि सेजब्रश नावाचे राखी झुडूप पुढे सरसावले. आपण जोतिबाला दवणा वाहतो ना, त्याच दवण्याच्या कुळातले हे झुडूप. वासाला उग्र, गुरांच्या फारसे कामाचे नाही. ज्याचे पोट कुरणावर आहे त्याला हा प्रयोग काय सांगतो, ते पशुपालकाला कळायला वेळ लागत नाही.

खोपट्या अपुऱ्या पडल्या

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फुले मोजायला वही-पेन्सिल पुरते. पण आजच्या शास्त्राचे काम वहीवर भागत नाही. मातीचा नमुना आणला की तो ठराविक तापमानाच्या भट्टीत वाळवावा लागतो. रक्ताचा किंवा पानाचा नमुना अतिशीत पेटीत ठेवावा लागतो आणि वीज तासभर गेली तर सारा उन्हाळा वाया जातो. सूक्ष्म वजनाचा काटा ठेवायचा तर जमीन हलता कामा नये, वारा लागता कामा नये. आणि जुन्या खोपट्यांत काय? फळ्यांच्या फटींतून धूळ येते, उंदीर येतात, छताला थेंब लोंबतात. कामगाराला रात्री पाठ टेकायला बांधलेल्या खोलीत नाजूक काटा कसा बसणार?

दुसरी अडचण शिकवण्याच्या जागेची. दर उन्हाळ्यात महाविद्यालयातले तरुण येथे येतात, आठ-दहा आठवडे राहतात. सकाळी रानात, दुपारी आणलेले नमुने टेबलावर. प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न निवडायचा, त्याचे उत्तर स्वतः शोधायचे आणि शेवटी सर्वांसमोर उभे राहून सांगायचे. पावसाची सर आली की वीस मुले कोठे बसवायची? एका टेबलाशी दोघांनी दाटीने काम केले तर नमुन्यांची सरमिसळ होते. शास्त्रज्ञाला जागा दिली तर विद्यार्थ्याला उरत नाही. विद्यार्थ्याला दिली तर शास्त्रज्ञ अडतो.

आणि विद्यार्थ्याला नाही म्हणणे महाग पडते. इनूये विद्यार्थी म्हणूनच आले होते, हे विसरू नका. त्या वर्षी बाक रिकामा नाही म्हणून त्यांना परत पाठवले असते, तर वीस लाख फुलांची ती वही आज असती का? पुढे त्यांचा मुलगाही परिसरशास्त्रज्ञ झाला आणि याच नोंदीच्या कामात आहे. जमीन बापाकडून मुलाकडे यावी तशी वही आली. पण प्रत्येक वहीला असा वारस घरातच मिळत नाही. तो बाहेरून यावा लागतो, आणि त्याला बसायला जागा द्यावी लागते.

म्हणून गेल्या काही दशकांत या गावात नवी बांधकामे झाली. जुन्या खोपट्या दुरुस्त केल्या आणि 'गॉथिक रिसर्च सेंटर' नावाची संशोधनाची इमारत उभी राहिली. नवे सामुदायिक भोजनगृह झाले. अशा रानातल्या संशोधन केंद्रांच्या इमारती आणि सोयी सुधारण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने वेळोवेळी खास अनुदान दिले आहे. देणगीदारांनीही हात दिला.

बांधायचे तर कोठे?

ऐकायला सोपे वाटते. डोंगरात जागेला काय तोटा? सगळीकडे मोकळे रान. पण येथे मोकळे रान मोकळे नाही. त्या गवतात कोठे कोणाची खुंटी आहे, कोठे कोणाचा चौकोन आहे, कोठल्या बिळाची वंशावळ साठ वर्षांची आहे, हे ठाऊक असल्याखेरीज पाऊलही टाकता येत नाही. मालमोटार एकदा चुकून वाफ्यावरून गेली तर पन्नास वर्षांची नोंद तेथेच थांबली. इमारत पुन्हा बांधता येते. तुटलेली नोंद पुन्हा जोडता येत नाही. २०२६ साली मोजायचे राहिलेले फूल २०२७ साली मोजता येत नाही.

शिवाय डोंगर आपल्या अटी घालतो. बर्फ वितळून रस्ता सुरू होतो तेव्हापासून पुन्हा बर्फ पडेपर्यंत चार-पाच महिने मिळतात. पाया, भिंती, छप्पर, सारे त्यात. आणि नेमके तेच चार महिने अभ्यासाचे! गवंड्याचा हातोडा आणि पाखरांचा अभ्यास एकाच वेळी एकाच जागी कसा चालायचा? छप्पर असे हवे की पुरुषभर बर्फाचा भार पेलावा. उतारावरून हिमाचा लोट सुटतो, त्याच्या वाटेत घर येता कामा नये. आपण ओढ्याच्या पात्रात घर बांधत नाही, तसेच. पाणी आणि सांडपाणी यांचीही काळजी हवी. ज्या ओढ्यातल्या किड्यांचा अभ्यास करायचा त्याच ओढ्यात सांडपाणी सोडले, तर अभ्यास कसला?

यातून निघालेला मार्ग आपल्या जुन्या शहाण्या लोकांना पटेल असा आहे. घरे गावठाणात, रान रानाला. चांदीच्या दिवसांत जेथे गाव होते त्या जागेतच इमारती आहेत. कुरणे, ओढे, उतार अभ्यासासाठी मोकळे. काळी आणि पांढरी यांची जी वाटणी आपल्या वाडवडिलांनी केली होती, तीच येथे उपयोगी पडली. वाढायचे, पण ज्यासाठी वाढायचे तेच गिळायचे नाही. ही कसरत सोपी नाही आणि ती एकदा करून संपतही नाही. प्रत्येक नव्या खोलीच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

बर्फाचे धरण

या साऱ्या खटाटोपाचा खालच्या शेतकऱ्याला उपयोग काय? मोठा आहे. ईस्ट नदी खाली जाऊन टेलर नदीला मिळते, त्या दोघींची गनिसन होते आणि गनिसन पुढे कोलोराडो नदीला मिळते. या कोलोराडो नदीवर सुमारे ४ कोटी माणसांचे पाणी आणि ५५ लाख एकरांची शेती अवलंबून आहे. कॅलिफोर्नियातली हिवाळी भाजी याच पाण्यावर पिकते. इतका उपसा होतो की बहुतेक वर्षी ही नदी समुद्रापर्यंत पोहोचतच नाही.

या नदीचे खरे धरण म्हणजे डोंगरावरचे बर्फ. ताजे बर्फ साधारण दहा इंच असेल तर त्याचे एक इंच पाणी होते. हिवाळाभर साठते, उन्हाळ्यात हळूहळू सुटते. पूर्वी वरचे बर्फ मोजले की खालच्या पाण्याचा अंदाज बरोबर येई. आता तो चुकू लागला आहे. २०२१ साली डोंगरात बर्फ सरासरीपेक्षा थोडेच कमी होते, पण नदीला आलेले पाणी निम्म्याहूनही पुष्कळ कमी भरले. मग पाणी गेले कोठे? कोरड्या जमिनीने पिऊन टाकले, झाडांनी घेतले, की वाऱ्याने हवेतच उडवले? हे शोधण्यासाठी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने सप्टेंबर २०२१ ते जून २०२३ या काळात याच गॉथिक गावात हवा, ढग आणि बर्फ मोजणारी यंत्रे आणून बसवली. हेच गाव का निवडले? कारण येथे राहायची सोय होती, वीज होती, आणि मुख्य म्हणजे जुन्या वह्या होत्या. याच गावात राहणाऱ्या एका गृहस्थाने १९७० च्या दशकापासून, केवळ हौसेने, रोजचे बर्फ मोजून लिहून ठेवले आहे. त्याला कोणी सांगितले नव्हते. पण आज मोठमोठे शास्त्रज्ञ ती वही मागून घेतात.

मेंढ्या पाळणारी आजी

माउलींनो, ही गोष्ट खास तुमच्यासाठी. थिओ कोलबॉर्न नावाची एक बाई होती, जन्म १९२७ चा. औषधशास्त्र शिकलेली. संसार केला, चार मुले वाढवली, पश्चिम कोलोराडोत मेंढ्या पाळल्या. पन्नाशी उलटल्यावर तिला वाटले, आपल्या ओढ्यांच्या पाण्यात खाणींमुळे काय मिसळते आहे ते कळायला हवे. ती पुन्हा महाविद्यालयात गेली, गॉथिकच्या प्रयोगशाळेत येऊन ओढ्यातल्या किड्यांचा अभ्यास केला. खाणीतल्या धातूंचा अंश त्या किड्यांच्या अंगात सापडतो, म्हणजे किडाच पाण्याची साक्ष देतो, हे त्या अभ्यासाचे सूत्र. १९८५ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, ती डॉक्टर झाली. पुढे १९९६ साली दोन सहकाऱ्यांबरोबर तिने एक पुस्तक लिहिले. काही कीटकनाशके आणि इतर रसायने अगदी थोड्या प्रमाणातही शरीरातल्या ग्रंथींच्या कामात ढवळाढवळ करतात आणि त्याचा फटका पोटातल्या बाळाला बसू शकतो, ही गोष्ट त्या पुस्तकाने जगापुढे ठळकपणे मांडली. ती २०१४ साली वारली. फवारणीच्या दिवशी लेकुरवाळ्या बाईला आणि पोटुशीला शेतापासून दूर ठेवा, हे आपण आज सांगतो, त्यामागे अशा अनेकांचे कष्ट आहेत. या बाईला त्या डोंगरात बसायला एक टेबल मिळाले होते, एवढेच ध्यानात ठेवा.

आपल्या डोंगरावर

आपल्याकडे असे काही नाही, असे समजू नका. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारे संशोधन केंद्र आहे. तेथल्या थंड, दमट हवेत तांबेरा जोमाने येतो, म्हणून कोणते वाण टिकते आणि कोणते बळी पडते याची पारख तेथे होते. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी पूर्वीच दाखवून दिले होते, की सपाटीवरच्या कडक उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीज जगत नाही. ते थंड डोंगरात तग धरते आणि तेथून वाऱ्यावर खाली उतरते. रोग डोंगरात राहतो, म्हणून त्याचा शोधही डोंगरात जाऊनच घ्यावा लागतो. तिकडे गढवालात तुंगनाथच्या उंचीवर विद्यापीठाचे केंद्र आहे, तेथे हिमालयातल्या औषधी वनस्पतींचा अभ्यास चालतो.

तुमच्या तालुक्याजवळही कृषी विद्यापीठाचे एखादे प्रक्षेत्र असेल, विज्ञान केंद्र असेल. पुढच्या खेपेला तेथे गेलात तर बियाण्याची पिशवी घेऊन लगेच परतू नका. आत डोकावा. विद्यार्थ्यांना बसायला जागा आहे का, नमुने ठेवायला कपाट आहे का, गेल्या वीस वर्षांच्या पावसाच्या नोंदी नीट आहेत की वाळवी लागली आहे, हे विचारा. तेथे नवी खोली बांधायची म्हटली की 'पैसे वाया' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना गॉथिकची गोष्ट सांगा.

आणि एक काम तर खोलीवाचूनही होते. घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला एक शंभर पानी वही द्या. दारच्या आंब्याला पहिला मोहोर कधी दिसला, पहिला वळीव कोणत्या दिवशी झाला, विहिरीचे पाणी किती परस खाली गेले, शेवग्याला फूल कधी आले आणि त्यावर माशा होत्या की नव्हत्या, एवढे तारखेसह लिहायला सांगा. पहिल्या वर्षी त्यातून काही कळणार नाही. पाच वर्षांनी थोडे कळेल. वीस वर्षांनी ती वही तुमच्या सातबाराइतकीच जपून ठेवावीशी वाटेल. येत्या पाडव्याला पहिले पान लिहायला हरकत नाही.